भाषाभ्यासकाचे टपाल आणि ‘मट’ ही आज्ञावली

बोलींची पाहणी करणाऱ्या अभ्यासकाजवळ पूर्वी पोस्टकार्डांचा एक पेटारा असे. एखाद्या खेड्यातील शिक्षकाने ‘आमच्याकडे ह्या शब्दास असे म्हणतात’ म्हणून कळविलेले कार्ड त्यात जाऊन पडे, आणि वीस वर्षांनी हवे झाले तरी तेथेच सापडे. आज तीच माहिती ई-पत्राने येते. पत्र वाचले जाते, त्यास उत्तर जाते, आणि ते कोठे राहिले ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः ते आपल्याजवळ राहिलेलेच नसते. ते दूरच्या एका यंत्रावर असते व आपण ते खिडकीतून पाहत असतो.

ह्या फरकाचे महत्त्व प्रस्तुत लेखकास फार उशिरा उमगले. ज्या एका संस्थेच्या टपालव्यवस्थेवर माझे खाते होते, तिने ती व्यवस्था बदलली व जुनी खाती मिटविली. तशी पूर्वसूचना देण्यात आली होती, परंतु ती त्याच खात्यावर आली, आणि मी त्या सुमारास क्षेत्रकार्यासाठी बाहेरगावी होतो. नातेवाचक शब्दांविषयी अनेक मंडळींनी आपुलकीने लिहिलेली जवळजवळ नऊ वर्षांची पत्रे त्या एका आठवड्यात नाहीशी झाली. त्यांपैकी दोघे पत्रलेखक आज हयात नाहीत. त्यांना पुन्हा विचारता येणार नाही.

तेव्हापासून टपाल स्वतःच्या संगणकावर उतरवून घ्यावे व तेथेच वाचावे, असा परिपाठ मी ठेवला आहे. त्यासाठी ‘मट’ नावाची जी आज्ञावली मी वापरतो, तिची मांडणी व उपयोग ह्यांविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. संगणकशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु मराठी मजकूर ई-पत्रातून जाताना त्याचे काय होते, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकाने संगणकवाल्यांवर सोडून द्यावा असा खचित नाही.

‘मट’ ही टर्मिनलात, म्हणजे केवळ अक्षरांच्या पडद्यावर, चालणारी आज्ञावली आहे. तीत चित्रे नाहीत, बटणे नाहीत, माऊसचे काम नाही. पडद्यावर पत्रांची यादी दिसते आणि कळफलकावरील एकेका अक्षराने काम होते. मायकेल एल्किन्स ह्यांनी ती १९९५ मध्ये लिहिली. त्यापूर्वी ‘एल्म’ व वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेली ‘पाइन’ ह्या दोन आज्ञावल्या ह्या कामी प्रचलित होत्या. त्यांचे व इतर काहींचे गुण हिच्यात एकत्र आले, म्हणून संकरित कुत्र्यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे तोच हिला नाव म्हणून मिळाला. सर्वच टपाल-आज्ञावल्या वाईट असतात, ही इतरांपेक्षा थोडी कमी वाईट आहे, अशी तिच्या कर्त्याचीच ग्वाही आहे. इतकी प्रामाणिक जाहिरात विरळाच. आज्ञावली विनामूल्य असून तिचा मूळ मजकूर कोणासही पाहता येतो.

टपालाच्या कामाचे तीन भाग वेगळे ओळखले म्हणजे पुढची मांडणी समजण्यास सोपे जाते. पत्र पाठविणे हे एक काम; ते ‘एसएमटीपी’ ह्या संकेतानुसार होते, व तो संकेत १९८२ मध्ये जॉन पोस्टेल ह्यांनी लिहून प्रसिद्ध केला. आलेले पत्र सर्व्हरवर ठेवणे व मागितल्यावर देणे हे दुसरे. त्यासाठी ‘आयमॅप’ हा संकेत आहे. आणि वाचणे, लावणे, शोधणे हे तिसरे. ‘मट’चा खरा प्रांत तिसऱ्याचा, पहिली दोन कामे ती जरुरीपुरती करते.

लिनक्सच्या डेबियन अथवा उबुंटू ह्या प्रकारांत ती ‘ॲप्ट इन्स्टॉल मट’ ह्या आज्ञेने बसविता येते. (ह्या लेखात आज्ञा व चलांची नावे देवनागरीत दिली आहेत, यंत्रावर ती रोमन लिपीत टंकावयाची असतात, आणि दोन शब्दांचे नाव असेल तेथे मध्ये अधोरेषा द्यावयाची असते.) त्यानंतर आपल्या घर-संचिकेत ‘मटआरसी’ नावाची एक साधी मजकुराची फाईल तयार करावी. नावाच्या आरंभी टिंब असावे. सर्व मांडणी ह्या एका फाईलमध्ये राहते. ती जपली की नव्या संगणकावर पाच मिनिटांत पूर्वीची सोय परत मिळते. तीत ‘रिअलनेम’ ह्या चलास आपले नाव द्यावे, ‘फ्रॉम’ ह्यास आपला पत्ता, ‘फोल्डर’ ह्यास पत्रसंचाची जागा, ‘स्पूलफाइल’ ह्यास आवक पेटी, ‘रेकॉर्ड’ ह्यास पाठविलेल्या पत्रांची जागा आणि ‘एसएमटीपी यूआरएल’ ह्यास पाठवणीच्या सर्व्हरचा पत्ता. पाठवणी सहसा ४६५ अथवा ५८७ क्रमांकाच्या द्वाराने होते, आणि आयमॅपची सुरक्षित आवक ९९३ क्रमांकाच्या.

परवलीचा शब्द त्या फाईलमध्ये उघडा लिहून ठेवू नये. तो जीपीजीने कुलूपबंद केलेल्या वेगळ्या फाईलमध्ये ठेवून ‘सोर्स’ ह्या आज्ञेने वाचून घेता येतो. येथे नवशिक्यास हटकून एक अडचण येते. आपला नेहमीचा परवलीचा शब्द अचूक दिला तरी मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर तो नाकारतात. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या परवलीच्या शब्दावर बाहेरच्या आज्ञावलीस प्रवेश देण्याची पद्धत मे २०२२ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टने आपल्या संस्थात्मक सेवेत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून तशीच पावले टाकली. ह्यावर उपाय दोन. खात्यास दुहेरी पडताळणी लावून जीमेलकडून त्या आज्ञावलीपुरता सोळा अक्षरांचा वेगळा शब्द घेणे हा सोपा; ‘ओऑथ’ पद्धतीचा परवाना घेणे, ज्यासाठी ‘मट’बरोबरच एक साहाय्यक आज्ञावली मिळते, हा किचकट. पहिला जमत असेल तर दुसऱ्याच्या वाटेस जाऊ नये.

पत्रे स्वतःकडे उतरविण्याचे काम मात्र मी ‘एमबीसिंक’ ह्या निराळ्या आज्ञावलीकडे सोपविले आहे. ती सर्व्हरवरील पेटी व संगणकावरील पेटी ह्यांचा मेळ घालते. येथे सावधगिरीची एक सूचना आवश्यक आहे. मेळ दोन्ही बाजूंनी घालावयाचा ठरविला तर सर्व्हरवरून पुसलेले पत्र घरूनही पुसले जाऊ शकते. ज्यास जतन करावयाचे आहे त्याने केवळ आवक करणारी मांडणी निवडावी व पुसण्याचा अधिकार तीस देऊ नये. पत्रे ‘मेलडिर’ पद्धतीने ठेवावीत. डॅनियल बर्नस्टाइन ह्यांनी योजलेल्या ह्या पद्धतीत प्रत्येक पत्र म्हणजे एक स्वतंत्र फाईल असते, त्यामुळे एक बिघडले तरी शेजारचे शाबूत राहते. जुन्या ‘एमबॉक्स’ पद्धतीत सगळी पत्रे एकाच लांबलचक फाईलमध्ये एकापाठोपाठ असत.

नित्याच्या वापरासाठी फार अक्षरे पाठ करावी लागत नाहीत. ‘एम’ने नवे पत्र, ‘आर’ने उत्तर, ‘जी’ने सर्वांस उत्तर, ‘सी’ने पेटी बदलणे, ‘व्ही’ने जोडपत्रे पाहणे, ‘क्यू’ने बाहेर पडणे. प्रश्नचिन्हाची कळ दाबली की सगळी यादी समोर येते. पत्र लिहिण्यासाठी ‘मट’ आपल्या आवडीचा संपादक उघडून देते. लिहून झाले की ‘वाय’ दाबून ते धाडावयाचे. मराठी लिहिणाऱ्याने एवढेच लक्षात ठेवावे की, पत्र लिहून परतल्यावर कळफलक पुन्हा रोमनवर आणला नाही तर यंत्र ढिम्म राहते. उलट प्रकार अधिक गमतीचा आहे. आपण शोधाच्या ओळीत आहोत अशा समजुतीने कोणी यादीवरच एखादे रोमन नाव टंकले, तर त्यातील प्रत्येक अक्षर आज्ञा ठरते, व ‘डी’ आला की एक पत्र पुसण्यासाठी खुणावले जाते. घाबरू नये. पेटी सोडताना यंत्र विचारते, तेव्हा ‘नाही’ म्हणावे. अथवा ‘एक्स’ दाबून काही न बदलता बाहेर पडावे.

आता मुख्य विषयाकडे वळू. मराठी ई-पत्र संगणकात उतरल्यावर त्याची फाईल कोणी सरळ उघडून पाहिली तर तीत मराठीचे एक अक्षरही सापडत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याने पत्रसंग्रहातून एका क्रियापदाच्या रूपांची गणना करण्यासाठी ह्या फायलींवर शोध चालविला आणि ‘एकही आढळ नाही’ असा निष्कर्ष घेऊन तो मजकडे आला. निष्कर्ष यंत्राच्या दृष्टीने खरा होता, व भाषेच्या दृष्टीने निरर्थक.

ह्याचे कारण असे की, टपालाची मूळ व्यवस्था सात बिटांच्या रोमन अक्षरांसाठी बेतलेली होती. इतर लिप्या, चित्रे, ध्वनी ह्यांना वाट मिळाली ती ‘माइम’ ह्या १९९२ मधील संकेतामुळे. तो नॅथॅनियल बोरेनस्टाइन व नेड फ्रीड ह्यांनी सिद्ध केला. ह्या संकेतानुसार रोमनेतर मजकूर रोमन चिन्हांच्या वेषात प्रवास करतो. योगायोगाने त्याच वर्षी केन टॉम्पसन व रॉब पाइक ह्यांनी ‘यूटीएफ-८’ हे सांकेतन तयार केले. युनिकोडमध्ये देवनागरीस १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून १२८ जागांचा एक गट मिळालेला आहे, आणि यूटीएफ-८ मध्ये त्यातील प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. ‘मराठी’ हा शब्द घ्या. डोळ्यांस तीन अक्षरे दिसतात. यंत्रास म, र, काना, ठ व दीर्घ ईकार अशी पाच चिन्हे दिसतात. त्यांचे पंधरा बाइट होतात. माइमच्या ‘बेस-६४’ वेषात त्यांची वीस रोमन चिन्हे होतात, आणि ‘क्वोटेड-प्रिंटेबल’ ह्या दुसऱ्या वेषात, जेथे प्रत्येक बाइटास तीन चिन्हे लागतात, पंचेचाळीस.

बेस-६४ मध्ये तीन बाइटांची चार चिन्हे होत असल्यामुळे एका देवनागरी चिन्हाचा एक चौकडा नेमका बसतो. ह्या चौकड्यांत पहिली दोन चिन्हे नेहमी सारखीच असतात, चारचा आकडा आणि मोठा ‘के’. तिसरे चिन्ह ‘एस’ असेल तर मूळ चिन्ह गटाच्या पूर्वार्धातील, आणि ‘डब्ल्यू’ असेल तर उत्तरार्धातील. स्वर, व्यंजने, काना आणि ह्रस्व इकार पूर्वार्धात पडतात. दीर्घ ईकारापासून पुढच्या मात्रा, हलन्ताचे चिन्ह व अंक उत्तरार्धात. ह्रस्व व दीर्घ ह्यांमधून गेलेली ही सीमारेषा केवळ अंकगणिताची आहे, तिला ध्वनिशास्त्राचा काही आधार नाही. तथापि कच्च्या फाईलमध्ये ही पुनरावृत्ती दिसली की हा मजकूर देवनागरी आहे हे न उलगडताच सांगता येते. मात्र मध्ये एक रिकामी जागा वा विरामचिन्ह आले की घडी एका बाइटाने सरकते व ही खूण बिघडते.

विषयाच्या ओळीस आणखी एक बंधन आहे. तेथे वेषांतर केलेला एक तुकडा ७५ चिन्हांहून लांब असू नये असा नियम आहे. आरंभीची व शेवटची खुणेची चिन्हे वजा जाता यूटीएफ-८ व बेस-६४ च्या तुकड्यात साठ चिन्हे उरतात, म्हणजे देवनागरीची पंधरा. ‘प्रमाणभाषेतील अनुस्वारविचार’ असा साधा विषयही एका तुकड्यात मावत नाही. एक चिन्ह दोन तुकड्यांत विभागू नये असेही नियम सांगतो. पण तो न पाळणाऱ्या आज्ञावल्या आहेत, आणि मग विषयाच्या मध्यभागी प्रश्नचिन्हांचा पुंजका दिसतो. तो पत्रलेखकाचा प्रमाद समजू नये.

‘मट’ हे सर्व उलगडून दाखविते, मात्र पत्राच्या शीर्षओळींत सांकेतनाचे नाव खरे लिहिलेले असावे लागते. ते चुकीचे असेल तर मराठीच्या जागी प्रत्येक चिन्हागणिक तीन युरोपीय चिन्हे दिसतात: स्वराघात दिलेला ‘ए’, चलनाचे वाटोळे चिन्ह, व तिसरे काहीतरी. ‘म’ असेल तर तिसऱ्या जागी नोंदणीकृत व्यापारमुद्रेचे चिन्ह येते. असे पत्र उघडे असताना ‘कंट्रोल’ व ‘ई’ ह्या कळा एकदम दाबून सांकेतनाच्या जागी यूटीएफ-८ लिहिले की मजकूर जागेवर येतो. ज्या पत्रांत सांकेतनाचा उल्लेखच नाही, त्यांसाठी ‘अझ्यूम्ड चारसेट’ हे चल आहे. आपण पाठविताना घोटाळा होऊ नये म्हणून ‘सेंड चारसेट’ ह्यास प्रथम यूएस-अस्की व नंतर यूटीएफ-८ एवढेच द्यावे.

युनिकोड रूढ होण्यापूर्वीची मराठी पत्रे ही मात्र निराळी व्याधी आहे. श्रीलिपी, आकृती इत्यादींच्या काळात मजकूर रोमन संकेतांकांतच साठविला जाई आणि फाँट त्याला देवनागरीचे रूप देई. तेथे सांकेतनाचे नाव बदलून काही साधत नाही. प्रत्येक फाँटासाठी स्वतंत्र रूपांतर करावे लागते. अशी पत्रे एका वेगळ्या पेटीत काढून ठेवावीत, हे उत्तम.

शोध हे ‘मट’चे खरे सामर्थ्य. ‘एल’ दाबले असता यादी मर्यादित करता येते: लाटेच्या आकाराच्या चिन्हापुढे ‘एफ’ लिहून पत्रलेखकाचे नाव, ‘एस’ लिहून विषय, ‘डी’ लिहून तारखांची मर्यादा, ‘बी’ लिहून पत्रातील मजकूर. ह्या अटी एकत्र देता येतात, त्यामुळे अमुक व्यक्तीने अमुक वर्षी लिहिलेली, अमुक शब्द असलेली पत्रे क्षणात समोर येतात. ‘थरो सर्च’ हे चल चालू आहे ना, हे पाहावे; ते बंद असेल तर शोध वेषांतरित मजकुरात चालतो व माझ्या विद्यार्थ्याची गत होते. त्याच कारणास्तव पत्रे खुणावून उभ्या रेघेच्या कळेने गणनेच्या आज्ञावलीकडे धाडावयाची असतील, तर आधी ‘पाइप डिकोड’ चालू करावे.

एवढे करूनही मराठीत शोध फसतो, आणि तो कोठे फसतो हे ठाऊक असणे हाच येथे अभ्यासकाचा खरा धर्म होय. ‘दऱ्या’ हा शब्द घेऊ. त्यातील अर्धा र, जो ‘दर्या’ व ‘दऱ्या’, ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ ह्यांतील अर्थभेद सांभाळतो, युनिकोडमध्ये तीन प्रकारे टंकता येतो. ऱ हे स्वतंत्र चिन्ह घेऊन त्यास हलन्त करणे हा एक. साधा र, हलन्त व त्यापुढे एक अदृश्य संयोजक घालणे हा दुसरा. साध्या र ला खाली नुक्ता देऊन मग हलन्त करणे हा तिसरा. पहिल्या प्रकारात शब्दाची चिन्हे पाच होतात, उरलेल्या दोहोंत सहा. पडद्यावर तिन्ही सारखे दिसतात. पहिला व तिसरा परस्परतुल्य आहेत असे युनिकोड सांगते, परंतु ‘मट’चा शोध चिन्हास चिन्ह जुळवितो, तुल्यता पाहत नाही. दुसऱ्या प्रकाराची आणखी एक आपत्ती आहे. वाटेत एखाद्या आज्ञावलीने ‘अदृश्य म्हणजे निरुपयोगी’ असे मानून तो संयोजक गाळला, की दऱ्यांचा दर्या होतो. पत्रलेखकाने डोंगराविषयी लिहिलेले असते, आणि आपल्या संग्रहात समुद्राची नोंद होते.

‘ॲ’ची कथाही अशीच. त्यास स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये, युनिकोडच्या ५.१ ह्या आवृत्तीत मिळाला. त्यापूर्वीची मंडळी अ काढून त्यावर चंद्र देत, आणि कित्येक कळफलकांवर अद्याप तसेच होते. ही दोन रूपे युनिकोडच्याही मते तुल्य नाहीत. इंग्रजी शब्दांच्या मराठीकरणाचा अभ्यास करणाऱ्याने केवळ एका रूपाने शोध घेतला, तर त्याच्या गणनेत विशिष्ट वर्षानंतर एक खोटी वाढ दिसेल, आणि तो भाषेतील बदल म्हणून मांडला जाईल. बदल कळफलकात झालेला असतो.

उपाय एकच: शोधाच्या ओळीत सर्व रूपे उभ्या रेघेने विभागून एकत्र द्यावीत. अशा शोधांची एक छोटी यादी मी मांडणीच्या फाईलमध्ये ‘मॅक्रो’ म्हणून ठेवली आहे, म्हणजे एका कळेने पूर्ण शोध चालतो. मूळ पत्रांतील मजकूर एकसारखा करून टाकण्याचा मोह होतो, तो टाळावा. कोणी कोणते रूप टंकले हीही माहितीच आहे.

शेवटी एका लहानशा व्याकरणविषयक गोष्टीचा उल्लेख करतो. उत्तर लिहिताना मूळ पत्रापूर्वी ‘अमुक दिवशी अमक्याने लिहिले’ ह्या अर्थाची ओळ यंत्र आपोआप घालते. ती इंग्रजीत असते, परंतु ‘ॲट्रिब्यूशन’ ह्या चलाने बदलता येते. नावाच्या जागी टक्केचिन्ह व ‘एन’, तारखेच्या जागी टक्केचिन्ह व ‘डी’ असे लिहावयाचे असते. यंत्र त्या जागी खरे नाव व तारीख भरते. इंग्रजीत नाव जसेच्या तसे बसते. मराठीत भूतकाळी सकर्मक क्रियापदाचा कर्ता तृतीयेत येतो, आणि विभक्तिप्रत्ययापूर्वी नामाचे सामान्यरूप करावे लागते. हे काम यंत्रास येत नाही. शिवाय नाव रोमन लिपीत आलेले असले तर प्रत्यय कोठे जोडणार? ‘ह्यांनी’ हे सर्वनाम नावापुढे सुटे ठेवले की सर्व अडचणी एकदम सुटतात. नाव अविकृत राहते, लिंगाचा प्रश्न उद्भवत नाही, आदरही राखला जातो. सरकारी पत्रव्यवहारातील ‘श्री. अमुक ह्यांनी’ ही धाटणी आपण रुक्ष म्हणून हिणवितो; पण विकार न होणाऱ्या नामाचा प्रश्न तिने कधीच सोडविला आहे. तारखेतील महिन्याचे नाव मराठीत हवे असेल तर ‘ॲट्रिब्यूशन लोकेल’ ह्यास मराठीचा लोकेल द्यावा.

विषयापूर्वी येणारे ‘आरई’ मात्र बदलू नये. ते ‘रिप्लाय’चे लघुरूप नसून ‘इन रे’, म्हणजे ‘ह्या बाबतीत’, ह्या लॅटिन शब्दप्रयोगाचे आहे. जर्मन लोक त्या जागी ‘एडब्ल्यू’ व स्वीडिश लोक ‘एसव्ही’ लिहितात, आणि मग दोन देशांतील पत्रव्यवहारात विषयापूर्वी त्यांची रांग लागते. ‘रिप्लाय रेजएक्स्प’ ह्या चलात अशी रूपे नोंदविली म्हणजे ‘मट’ ती ओळखून गाळते. एकाच विषयावरील पत्रांची साखळी जोडताना ती मुख्यतः पत्रांचे अंतर्गत क्रमांक पाहते. परंतु आपल्याकडे जुन्याच पत्रास उत्तर देऊन सर्वस्वी नवा विषय काढण्याची सवय आहे, त्यामुळे साखळी भलतीकडे जाते. अशा वेळी ‘हॅश’च्या कळेने ती तोडावी, आणि तुटलेली जोडावयाची असल्यास आधी उत्तराचे पत्र खुणावून, मग मूळ पत्रावर जाऊन ‘अँपरसँड’ची कळ दाबावी.

एक उणीव सांगितलीच पाहिजे. बहुतेक टर्मिनले प्रत्येक चिन्हास ठरावीक रुंदीची चौकट देतात, आणि आपली जोडाक्षरे त्या चौकटींत बसत नाहीत. ह्रस्व इकार व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसतो, जोडाक्षरे फुटतात, ओळींच्या कडा वेड्यावाकड्या होतात. ‘एमएलटर्म’ हे टर्मिनल भारतीय लिप्यांची दखल घेते, म्हणून यादी पाहण्यास मी तेच वापरतो. दीर्घ पत्र वाचावयाचे असेल तर ते सरळ चित्रमय खिडकीतील ईमॅक्समध्ये उघडतो. तेथे अक्षरे नीट जुळतात. विभागाच्या ग्रंथालयातील संगणकावर ही सर्व मांडणी करून ठेवली असून फाईलची प्रत तेथेच आहे. तीत स्वतःचे नाव व पत्ता घालण्यास विसरू नये, अन्यथा आपले पत्र माझ्या नावाने जाईल.